हाऊसकीपिंगमध्ये नवीन आहात? आधी कोण कुणाला काय सांगतं ते समजून घ्या

हॉटेलातल्या माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजत आले होते आणि लॉबीत पाहुणे खोलीची वाट बघत बसले होते. मी एक चेकआउटची खोली आवरून पँट्रीत, म्हणजे मजल्यावरच्या सामानाच्या खोलीत आले, तेवढ्यात फोन वाजला. रिसेप्शनवरचा मुलगा होता. "ताई, ती कोपऱ्यातली खोली झाली का?" मी म्हटलं, "झाली." त्याने लगेच किल्ली देऊन पाहुण्यांना वर पाठवलं. सुपरवायझरने त्या खोलीत अजून पाऊलही टाकलेलं नव्हतं. मी टब घासून लख्ख केला होता, पण पाणी जाण्याची जाळी उचलून बघायची राहिली होती. तिच्याखाली आधीच्या पाहुण्यांचे केस होते.

बोलणी बसणार हे उघड होतं. मला वाटलं केसांबद्दल बसतील, पण बसली ती "झाली" या शब्दाबद्दल. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "खोली आवरणं तुझं काम. ती झाली हे रिसेप्शनला सांगणं तुझं काम नाही." त्या वेळी हा नुसता मानापमानाचा मामला वाटला. नंतर मी स्वतः मजल्याची सुपरवायझर झाले, तेव्हा त्यातलं मर्म कळलं. चादर घालणं, फरशी पुसणं माणूस चार-सहा दिवसांत शिकतो. नवा माणूस अडखळतो तो दुसरीकडे: कुणाचं ऐकायचं, कुणाला कळवायचं, कुठे सही करायची आणि कुठे तोंड बंद ठेवायचं.

पदांची नावं, फॉर्म, शिफ्टच्या वेळा हॉटेलागणिक बदलतात. लहान हॉटेलात एकच माणूस तीन पदं सांभाळतो. तरी साखळी सगळीकडे साधारण सारखीच असते, म्हणून ती डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

१. रुजू होण्याआधी: कागद आणि सोबतच्या वस्तू

कागद साधारण हे लागतात:

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- पासपोर्ट आकाराचे फोटो, दोन जास्तीचेच ठेवा
- शिक्षणाचे आणि आधीच्या कामाचे दाखले असतील तर ते
- पगार जमा होण्यासाठी बँक खात्याचा तपशील
- मागितला तर वैद्यकीय तपासणीचा दाखला

मूळ कागद दाखवायचे आणि परत घ्यायचे, तिथे ठेवायच्या त्या फक्त प्रती. "राहू दे आमच्याकडे, नंतर देतो" असं कुणी म्हटलं तर गोड बोलून नकार द्या. नेमणुकीचं पत्र हातात आलं की एक ओळ नीट वाचा: तुम्ही हॉटेलच्या पगारावर आहात की कंत्राटदाराच्या? लॉबी, कॉरिडॉर, बाहेरच्या काचा यांची सफाई बऱ्याच ठिकाणी कंत्राटावर असते. गणवेश हॉटेलचा असला तरी रजा, जादा काम आणि पगाराचा प्रश्न कुणापुढे मांडायचा, हे त्या एका ओळीवर ठरतं.

अंगावर काय असावं? बंद, न घसरणारे बूट. सकाळी घालून संध्याकाळी काढायचे आहेत, तेव्हा पहिल्या दिवशी कोरे करकरीत बूट घालून जाऊ नका. मी गेले होते. अंगठ्या आणि बांगड्या घरी ठेवा, चादरीच्या धाग्यात अडकतात आणि बेसिनवर ओरखडे उठतात. खिशात छोटी वही आणि दोन पेनं हवीतच. मोबाइल मजल्यावर नेता येतो का, ते आधी विचारा. बऱ्याच हॉटेलांत नेऊ देत नाहीत.

२. माणसं ओळखा

सगळ्यात वर एक्झिक्युटिव्ह हाऊसकीपर. ही व्यक्ती तुम्हाला रोज भेटेलच असं नाही. खात्याचं बजेट, माणसांची भरती, रसायनं आणि लिननची (चादरी-टॉवेलांची) खरेदी, स्वच्छतेचा दर्जा ही सगळी तिची जबाबदारी. ती थेट जनरल मॅनेजरला किंवा मोठ्या हॉटेलात रूम्स डिव्हिजनच्या मॅनेजरला उत्तर देते. तिच्या हाताखाली असिस्टंट हाऊसकीपर. कोण कुठल्या शिफ्टला, कुणाची सुट्टी कधी, हा तक्ता बहुतेक तेच लावतात. सुट्टीचा अर्ज कुणाकडे द्यायचा, याचं उत्तर इथे मिळालं.

त्याखाली खात्याला फांद्या फुटतात.

मजले: फ्लोअर सुपरवायझर आणि त्यांच्या हाताखाली रूम अटेंडंट. नवीन माणूस बहुधा इथेच लागतो. पूर्ण सेवा देणाऱ्या हॉटेलात एका अटेंडंटच्या वाट्याला एका शिफ्टमध्ये साधारण १२ ते १६ खोल्या येतात. नुसता आकडा मात्र फसवा असतो. मोठा सुइट पुष्कळ ठिकाणी दोन खोल्यांच्या बरोबरीचा धरतात. चेकआउटच्या खोलीला राहत्या पाहुण्याच्या खोलीपेक्षा दीडपट-दुप्पट वेळ जातो. १४ खोल्यांत ११ चेकआउट असतील, तर ते सकाळीच सुपरवायझरच्या नजरेला आणून द्या. दुपारी तीनला सांगून उपयोग नाही.

पब्लिक एरिया: लॉबी, लिफ्ट, जिने, सार्वजनिक स्वच्छतागृहं, बँक्वेट हॉलच्या बाहेरची जागा. इथला सुपरवायझर वेगळा. जड सामान हलवणं, गालिचे धुणं, उंचावरची जळमटं काढणं ही कामं करणारे हाऊसमन काही ठिकाणी याच फांदीत मोडतात, काही ठिकाणी मजल्याला जोडलेले असतात. पलंग सरकवायचा असेल तर हाऊसमनला बोलवा. एकट्याने ओढून कंबर धरलेले लोक मी पाहिले आहेत.

लिनन रूम आणि युनिफॉर्म रूम: चादरी, टॉवेल, अभ्रे, रेस्टॉरंटचे नॅपकिन आणि सगळ्या खात्यांचे गणवेश इथून जातात-येतात. शिवणकामाला शिंपी असतो तोही इथेच बसतो.

लाँड्री: हॉटेलची स्वतःची असेल तर तिचा मॅनेजर वेगळा. कपडे बाहेर धुवायला जात असतील, तर लिनन रूमच हिशेब ठेवते.

कंट्रोल डेस्क: याच्यासाठी पुढे अख्खा मुद्दा ठेवलाय.

शिवाय रात्रीचा सुपरवायझर. रात्री बाकी सगळे घरी गेलेले असतात, तेव्हा खात्याचा सर्वेसर्वा तोच. फुलांची सजावट आणि बाग काही हॉटेलांत याच खात्याकडे येते.

आता सापळा. नव्या माणसाला दिवसभरात पाच जण कामं सांगतात. रिसेप्शन म्हणतं आधी ही खोली करा, रूम सर्व्हिस म्हणते तेवढे ट्रे उचला, बँक्वेटवाला म्हणतो दोन टेबलक्लॉथ आणून द्या. हो म्हणत गेलात तर तुमच्या १४ खोल्या तशाच राहतात, आणि जाब विचारणारी मात्र एकटी सुपरवायझर असते. माझं ठरलेलं वाक्य होतं, "डेस्कला सांगा, डेस्कवरून मला निरोप येईल." उद्धटपणे नाही, हसत म्हणायचं. दोन आठवड्यांत लोकांना सवय होते.

३. डेस्क: खात्याचे कान आणि तोंड

कंट्रोल डेस्क म्हणजे बहुधा तळघरातली किंवा मागच्या बाजूची एक छोटी खोली. फोन, संगणक, किल्ल्यांचं कपाट आणि एक लॉगबुक. पाहुण्याने जास्तीची उशी मागितली, नळ गळतोय, खोली तपासून झाली, पाकीट सापडलं, सगळं इथे येतं आणि इथूनच पुढे जातं.

डेस्क सगळ्यात जास्त बोलतं ते खोलीच्या स्थितीबद्दल. हे शब्द पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घ्या:

- ऑक्युपाइड: पाहुणा राहतोय
- व्हेकंट डर्टी: पाहुणा गेला, खोली आवरायची आहे
- व्हेकंट क्लीन: आवरून झाली. काही हॉटेलांत यापुढे 'इन्स्पेक्टेड' अशी आणखी एक पायरी असते
- ड्यू आउट: आज जाणार, पण अजून गेलेला नाही
- डीएनडी: त्रास देऊ नये, अशी पाटी किंवा दिवा लागलेला
- आउट ऑफ ऑर्डर: बिघाडामुळे विक्रीतून काढलेली
- स्लीप आउट: खोली पाहुण्याच्या नावावर, पण रात्री पलंग वापरलेलाच नाही

दिवसातून ठरलेल्या वेळांना अटेंडंट प्रत्यक्ष बघून खोल्यांची स्थिती कळवतात. डेस्क ती रिसेप्शनच्या नोंदीशी ताडून बघतं. दोन्ही जुळलं नाही की त्याला डिस्क्रिपन्सी म्हणतात. रिसेप्शनच्या पडद्यावर पाहुणा आहे आणि खोलीत ना सामान ना माणूस, तर तो बिल न भरता गेला असेल, किंवा रिसेप्शनने चेकआउटची नोंद करायची विसरली असेल. उलटही होतं: पडद्यावर खोली रिकामी आणि आत बॅगा. मग तीच खोली दुसऱ्या पाहुण्याला विकली जाते आणि तो किल्ली लावून भलत्याच माणसासमोर उभा राहतो.

म्हणून तुमच्या खोल्यांच्या शीटवरची एक खूण वाटते तेवढी किरकोळ नाही. दाराबाहेरूनच अंदाजाने "ऑक्युपाइड" लिहू नका. कालची नोंद बघून आजची भरू नका. बॅग अगदीच छोटी असेल, नुसती एक पिशवी असेल, तर तेही लिहा. त्यावरून रिसेप्शन सावध होतं.

आणि साखळी लक्षात ठेवा: तुम्ही आवरता, सुपरवायझरला सांगता. सुपरवायझर तपासते आणि स्थिती बदलते, किंवा डेस्ककडून बदलून घेते. मग रिसेप्शनला खोली दिसते. मधली एक कडी गाळली तर काय होतं, ते वर सांगितलंच. हल्ली ॲपवर अटेंडंट स्वतःच खोली "क्लीन" करतात, तेव्हा ही शिडी मोडली असं वाटतं. बारकाईने बघाल तर ॲपमध्येसुद्धा तपासणीची पायरी सहसा सुपरवायझरच्याच हातात ठेवलेली असते.

४. शिफ्टची सुरुवात

शिफ्ट सातची असेल तर पावणेसातला गणवेशात हजर राहायचं. ब्रीफिंग दहा मिनिटांचं असतं: आज किती येणार, किती जाणार, महत्त्वाचे पाहुणे कोण, कुठल्या खोलीत लहान मूल आहे, कुणाला ॲलर्जी आहे म्हणून पिसांची उशी काढायची. उभ्या उभ्या ऐकून सगळं लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही. वही काढा.

मग तीन गोष्टी हातात येतात: कामाची शीट, मजल्याची मास्टर किल्ली किंवा कार्ड, आणि कधी कधी वॉकी-टॉकी. किल्ली घेताना रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही. ती अंगावर अडकवायची, ट्रॉलीवर ठेवायची नाही आणि कुणाला "दोन मिनिटं" उसनी द्यायची नाही, सहकाऱ्यालासुद्धा नाही. तुमची किल्ली फक्त तुमच्या मजल्याच्या खोल्या उघडते. त्यावर अख्ख्या हॉटेलची ग्रँड मास्टर असते, आणि त्याहून वर आतून डबल लॉक केलेलं दारही उघडणारी इमर्जन्सी किल्ली. या दोन्ही मोजक्या हातांतच असतात.

आता नव्या माणसाला हमखास गाठणारा प्रसंग. तुम्ही कॉरिडॉरमध्ये आहात. चांगल्या कपड्यातले एक गृहस्थ येऊन हसत म्हणतात, "किल्ली खालीच राहिली, जरा उघडता का?" उघडायचं नाही. खोली त्यांची असली तरी नाही, आणि काल तुम्हीच त्यांना त्या खोलीत पाहिलं असलं तरीही नाही. "माफ करा साहेब, मला परवानगी नाही. रिसेप्शनवरून लगेच दुसरं कार्ड मिळेल." चिडले तर डेस्कला फोन करा, पुढचं ते बघतील.

५. ट्रॉली आणि कॅडी

ट्रॉली आदल्या शिफ्टच्या शेवटी भरून ठेवायची पद्धत चांगली, पण भरलेली मिळेलच असं धरून चालू नका. वर साबण, शाम्पू, लेखनसामग्री या लहान वस्तू, मधल्या फळ्यांवर टॉवेल आणि चादरी. जड सामान खाली. एका टोकाला कचऱ्याची पिशवी, दुसऱ्याला मळक्या लिननची. बाथरूमचं सगळं कॅडीत, म्हणजे हातात धरायच्या छोट्या टोपलीत: रसायनांच्या बाटल्या, ब्रश, हातमोजे, फडकी. शिवाय व्हॅक्यूम, मॉप आणि ओल्या फरशीची पाटी.

फडकी रंगांनी ओळखायची. बऱ्याच ठिकाणी लाल कमोडसाठी आणि निळं खोलीतल्या धुळीसाठी असतं, पण तुमच्या हॉटेलातला तक्ता पँट्रीच्या दारावर लावलेला असेल, तोच खरा. घाईत कमोडच्या फडक्याने पाण्याचा ग्लास पुसला जाऊ नये, यासाठी हा खटाटोप आहे. पाहुण्याच्या वापरलेल्या टॉवेलने फरशी पुसणं हा तर या धंद्यातला सगळ्यात जुना गुन्हा. वेळ वाचतो खरा, पण टॉवेल कायमचा जातो आणि उघड्या दारातून कुणी पाहिलं तर हॉटेलचं नाव जातं.

६. दार वाजवणं

बोटांच्या पेरांनी तीनदा टकटक करायची. किल्लीने ठोकू नका, दाराचं पॉलिश जातं. मग स्पष्ट आवाजात "हाऊसकीपिंग" म्हणून मनात दहापर्यंत मोजा. पुन्हा टकटक, पुन्हा थांबा. मग दार वीतभर उघडून परत एकदा आवाज द्या. शीटवर "व्हेकंट" लिहिलेलं असेल तरीही असंच. एकदा मी रिकाम्या म्हणून दिलेल्या खोलीत पाऊल टाकलं आणि शॉवरचा आवाज ऐकून उलट्या पावली बाहेर आले. तेव्हापासून रिकाम्या खोलीचं दारही मी तितक्याच अदबीने वाजवते.

डीएनडी असेल तर टकटक नाही आणि फोनही नाही. शीटवर वेळ लिहून पुढे जा. दुपारी ठरलेल्या वेळी सुपरवायझर किंवा डेस्क फोन करेल. काही हॉटेलं ठरावीक तासांनंतर खोली बघतातच, पाटी असो वा नसो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासमध्ये एका हॉटेलच्या खोलीतून गोळीबार झाला, त्यानंतर अनेक मोठ्या हॉटेलांनी आपले डीएनडीचे नियम बदलले. पाटी असताना खोली बघण्याचा अधिकार मात्र तुमचा नाही, वरच्यांचा.

काम करताना दार उघडं ठेवून ट्रॉली आडवी लावायची की आत घेऊन दार लावायचं, याबद्दल हॉटेलांचे नियम वेगवेगळे आहेत. तुमचा विचारून घ्या. पाहुणा आत असेल आणि तुम्हाला अवघड वाटत असेल, तर "नंतर येते" म्हणून निघा, कारण देत बसू नका. सिएटलमध्ये २०१६ साली मतदारांनी आणि शिकागोत २०१७ साली नगर परिषदेने हॉटेलांना अशा कर्मचाऱ्यांच्या हातात पॅनिक बटण देणं बंधनकारक केलं. त्यामागे रूम अटेंडंटना आलेले अनुभवच होते. तुमच्याकडे बटण असेल तर ते ट्रॉलीवर नको, अंगावर हवं.

७. खोली आवरायचा क्रम

प्रत्येकाचा हात वेगळा, पण मला जमलेला क्रम असा. पडदे उघडा, दिवे लावून बघा, एसी बघा. बिघाड असेल तर तो आत्ता कळवला पाहिजे, खोली चकाचक झाल्यावर नाही. कचरा आणि वापरलेले ग्लास बाहेर. कचऱ्याच्या डब्यात हात घालायचा नाही, पिशवी वरून धरून उचलायची, आत ब्लेड किंवा सुई असू शकते. पलंग उतरवा, प्रत्येक चादर झटकून, कारण चार्जर आणि कानातली तिथेच गुंडाळलेली सापडतात. गादीच्या शिवणीवर एक नजर टाका. बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकणांची शंका घ्या. काहीही न हलवता, लिनन बाहेर न नेता सुपरवायझरला बोलवा.

आता बाथरूममध्ये जाऊन कमोडला, टबला रसायन लावून या आणि तसंच सोडा. त्याला मुरायला काही मिनिटं लागतात, किती ते लेबलवर लिहिलेलं असतं. लावलं आणि लगेच पुसलं तर नुसता वास येतो, जंतू तसेच राहतात. तेवढ्या वेळात पलंग होतो.

पलंगाचा कोपरा एकदा सावकाश शिका. चादर पायाच्या बाजूला गादीखाली खोचा. कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर बाजूची कड धरून वर उचला आणि गादीवर टाका, तिरका ४५ अंशांचा त्रिकोण दिसेल. खाली लोंबणारा भाग गादीखाली सारा, मग त्रिकोण खाली आणून तोही खोचा. तळहाताने एकदा दाबून ओढ बघा. एका कोपऱ्याचं सगळं संपवून दुसरीकडे जा. पलंगाभोवती जितक्या फेऱ्या कमी, तितका संध्याकाळी पायाला आराम. वाकताना गुडघ्यात वाका, कमरेत नाही.

मग धूळ. दारापासून सुरू करून एकाच दिशेने गोल फिरत परत दाराशी, वरून खाली. त्यानंतर बाथरूम पूर्ण, आरसा, नळ कोरडे, ती जाळी उचलून. शेवटी फरशी, आतून दाराकडे येत. दारात उभं राहून पाहुण्याच्या नजरेने एकदा बघा, मग पलंगावर पडल्यावर छत कसं दिसेल तेही. जळमटं तिथूनच दिसतात.

राहत्या पाहुण्याच्या खोलीत वेगळा नियम: डब्यात असेल तोच कचरा. डब्याशेजारी पडलेला चुरगळलेला कागद कचरा नाही. पैसे, दागिने उघड्यावर दिसले तर हात लावू नका, सुपरवायझरला बोलवा.

८. रसायनं

बाटल्यांवर नावांऐवजी आकडे दिसले तर गांगरू नका. टास्की या ब्रँडच्या आर मालिकेत आर-१ बाथरूमसाठी, आर-२ सगळ्या कठीण पृष्ठभागांसाठी, आर-३ काचेला, आर-४ फर्निचरच्या पॉलिशला, आर-५ सुगंधासाठी, आर-६ कमोडसाठी. दुसऱ्या कंपनीचा माल असेल तर तक्ता वेगळा.

पातळ करायचं प्रमाण लेबलवर असतं. १:५० म्हणजे एक लिटर पाण्यात २० मिली. अंदाजाने ओतलं की फेस जास्त येतो, डाग जास्त राहतात आणि हाताची सालं निघतात. आधी पाणी, मग रसायन.

आणि हे मात्र पाठ करा: कमोडचं आम्लयुक्त रसायन आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. अमोनिया आणि ब्लीचचंही तसंच, त्यातूनही विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं. लेबल नसलेली बाटली वापरायची नाही, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत रसायन भरायचं नाही. प्रत्येक रसायनाची १६ भागांची सुरक्षा माहितीपत्रिका खात्यात ठेवलेली असते. सगळी वाचू नका, चौथा भाग वाचा: डोळ्यात गेलं, पोटात गेलं तर काय करायचं.

९. लिननचा हिशेब

इथे 'पार' हा शब्द ऐकू येईल. सगळ्या खोल्या एकदा सजवायला लागतं तितकं लिनन म्हणजे एक पार. पलंगावर एक, लाँड्रीत एक, पँट्रीत एक, लिनन रूममध्ये विसावलेला एक, असे चार पार धरले तर १०० खोल्यांना, खोलीमागे दोन चादरी म्हणजे ८०० चादरी. आता कळेल, दोन चादरी हरवल्या तर लिनन रूमवाले काका इतके का तडकतात.

देवाणघेवाण नगाला नग. मळक्या १२ दिल्या तर स्वच्छ १२. मोजणी तुमच्यासमोर झाली पाहिजे, सही त्यानंतर. फाटकं आणि डागाळलेलं वेगळं काढून दाखवा, गठ्ठ्यात दडपू नका. रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला की पक्का बसतो, आधी गारच पाणी लागतं. म्हणून तो लाँड्रीला वेगळा सांगून द्यायचा, हातमोजे घालून, वेगळ्या पिशवीत.

१०. बाकीची खाती

मेंटेनन्सला तक्रार लिहिताना "एसी खराब" असं लिहू नका. "एसीतून पाणी ठिबकतं, पलंगाच्या डाव्या बाजूला" असं लिहिलं तर माणूस योग्य हत्यारं घेऊन येतो. तो काम करून गेला की खोली तयार झाली असं नाही. त्याचे बुटांचे ठसे पुसून, खोली परत तपासून घ्यावी लागते.

सापडलेली वस्तू त्याच क्षणी डेस्कला कळवा, "शिफ्ट संपल्यावर देते" नाही. नोंदीत तारीख, वेळ, खोली क्रमांक, नेमकी जागा, वर्णन आणि तुमची सही. "सोन्याचं" लिहू नका, "पिवळ्या धातूचं" लिहा. पाहुण्याला स्वतःहून फोन करू नका आणि घरी तर मुळीच नाही. तो इथे राहिला होता हे त्याच्या घरी ठाऊक असेलच असं नाही. हा नियम मला एका वयस्कर सहकारी ताईंनी सांगितला, तोही कुजबुजत.

११. शिफ्ट संपताना

ट्रॉली भरून, व्हॅक्यूमची पिशवी रिकामी करून पँट्रीला कुलूप. शीट पूर्ण भरा. ज्या खोल्या झाल्या नाहीत त्यांच्यापुढे कारण लिहा: डीएनडी, पाहुण्याने नको म्हटलं, लिनन आलं नाही. कोरी जागा सोडली की तिचा अर्थ दुसरे लावतात.

लॉगबुकमध्ये पुढच्या शिफ्टसाठी अर्धवट राहिलेलं लिहा. कुठल्या खोलीला जास्तीची गादी द्यायची आहे, कुणाचे कपडे लाँड्रीतून यायचे आहेत. "सांगितलंय त्याला" हे लॉगबुक नव्हे.

सगळ्यात शेवटी किल्ली. गणवेश बदलायच्या आधी परत करा, नंतर नाही. मी एकदा खिशात घेऊन बसस्टॉपपर्यंत पोचले होते. डेस्कवरून फोन आला, धावत परत गेले, सही केली. रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे मॅडमनी लाल पेनने वेळ लिहून ठेवली होती: १६:४२.